लेप, गंध आणि शुद्धीची सीमा

शुद्धीचा विचार करणाऱ्या भारतीय शास्त्रांनी मळाचे जे प्रकार कल्पिले, त्यांत चिकटून राहणाऱ्या मळाला नेहमीच वेगळे स्थान मिळाले आहे. धूळ झटकता येते, चिखल वाळला की खरवडता येतो. परंतु लेप, म्हणजे धाग्यांच्या फटींत शिरून बसलेला आणि बोट लावताच जाणवणारा चिकट थर, पाण्याला दाद देत नाही, आणि तो काढण्यासाठी जे द्रव्य वापरावे तेही बहुधा स्वतःचा काही अंश मागे ठेवून जाते. त्यामुळे लेपाच्या बाबतीत दोन प्रश्न अटळपणे उभे राहतात : वस्तू शुद्ध झाली असे नेमके केव्हा म्हणावे, आणि ज्या साधनाने मळ काढला त्या साधनाचाच मळ झाला तर तो कशाने काढावा. हे प्रश्न वरकरणी कपडे धुण्याचे वाटले, तरी धर्मशास्त्र, जैन कर्मसिद्धान्त, बौद्ध सूत्रे आणि वेदान्त या चौघांनीही त्यांचा गंभीरपणे विचार केला आहे. आणि तो करताना त्यांनी उदाहरण म्हणून वारंवार कापडच हाती घेतले आहे.

पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न भाद्रपदात हमखास उद्भवतो. गणपतीच्या मखरामागे जुनी पैठणी किंवा जरीचा शेला ताणून बसवताना टाचण्यांनी रेशमाला भोके पडतील या धास्तीने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली जाते. विसर्जनानंतर टेप ओढून काढली की तिचा कागद किंवा प्लॅस्टिक हातात येते आणि चिकटा कापडावरच राहतो. त्या दिवशी तो जवळजवळ दिसत नाही. आठवडाभराने मात्र घडीतला तो चौकोन कडांकडून काळा पडू लागतो, कारण उघडा राहिलेला चिकटा येणारीजाणारी धूळ आणि तंतू धरून ठेवतो, आणि घडीचा दुसरा पदर त्यावर टेकला तर त्यालाही आपल्याकडे ओढतो. लक्ष्मी रस्त्यावरून आणलेल्या पडद्याच्या कापडावरचे किमतीचे लेबल, सतरंजीत रुतलेला च्युइंगगम, मुलांनी चादरीवर सांडलेला फेव्हिकॉल, वाकळेवर दबून राहिलेली औषधी पट्टी ही सारी त्याच कुळातली प्रकरणे आहेत, जरी त्यांचे रसायन एक नाही.

रसायनाचा हा भेद थोडा पाहणे आवश्यक आहे. टेपवरचा आणि लेबलवरचा चिकटा हा रबर किंवा ॲक्रिलिक जातीच्या बहुवारिकाचा, म्हणजे लांबच लांब साखळीरेणूंचा, थर असतो. तो पूर्ण घनही नसतो आणि पूर्ण द्रवही नसतो, म्हणून दाबला की सावकाश वाहत धाग्यांच्या बारीक फटींत शिरतो आणि ओढले की घनासारखा प्रतिकार करतो. हे रेणू पाण्याशी जुळणारे नसल्याने पाण्याने तो हलत नाही. खोबरेल तेल, निलगिरीचे तेल किंवा रॉकेल यांनी मात्र तो फुगतो, सैल होतो आणि बोथट कडेने सरकवता येतो. त्यानंतर तेलाचा डाग उरतो, तो साबणाने काढावा लागतो, आणि साबण काढायला पुन्हा पुष्कळ पाणी लागते. पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट. तो ओला असताना साध्या पाण्याने निघतो आणि वाळल्यावर कोमट पाण्यात बराच वेळ भिजवून मऊ करावा लागतो. च्युइंगगम बर्फाने गोठवला की ठिसूळ होऊन तुकड्यांनी निघतो. क्षणात पकडणारा गोंद ॲसिटोनमध्ये विरघळतो, पण तेच ॲसिटोन ॲसिटेट जातीच्या कृत्रिम रेशमालाही विरघळवते, म्हणजे डागाबरोबर कापडही जाते. म्हणून कोणतेही द्रव्य आधी आतल्या शिवणीच्या कोपऱ्यावर लावून पाहणे, रॉकेल चुलीपासून आणि इस्त्रीपासून दूर ठेवणे, आणि घासण्याऐवजी टिपून घेणे ही सावधगिरी जाणत्या गृहिणी आणि लाँड्रीवाले पाळतात.

धर्मशास्त्रात या विषयाला द्रव्यशुद्धी असे नाव आहे. द्रव्य म्हणजे येथे धातू, धान्य, लाकूड, वस्त्र अशी कोणतीही वापराची वस्तू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रकाशित केलेल्या पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील चौथा खंड १९५३ साली निघाला, आणि प्रायश्चित्त, आशौच, श्राद्ध यांच्या जोडीने शुद्धीचाही त्यात सविस्तर परामर्श आहे. त्याआधी अर्धशतक, अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाने याज्ञवल्क्यस्मृती अपरार्काच्या टीकेसह छापली होती. अपरार्क हा कोकणच्या शिलाहार कुळातला बाराव्या शतकातला राजा, तेव्हा परटाच्या मडक्यातले खार आणि रिठे यांची चर्चा एका राजाने केलेल्या टीकेत वाचावयास मिळते, ही गोष्ट संस्कृत शास्त्रवाङ्मयाविषयीच्या अनेक रूढ समजुतींना छेद देणारी आहे.

मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही वस्त्राच्या शुद्धीसाठी एकच सरसकट उपाय सांगितलेला नाही. लोकरीसाठी आणि रेशमासाठी खारी माती, पहाडी बकऱ्यांच्या लोकरीच्या कांबळीसाठी रिठा, वल्कलाच्या तलम वस्त्रासाठी बेलफळ, आणि जवसाच्या धाग्यांच्या क्षौम वस्त्रासाठी पांढरी मोहरी, अशी वाटणी त्यांनी केली आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते आणि ते तीव्र क्षाराप्रमाणे लोकरीचा धागा खात नाही, हे आज प्रयोगशाळेत सांगता येते. स्मृतिकारांनी ते परटांच्या आणि विणकरांच्या अनुभवातून घेतले असले पाहिजे. तत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की येथे शुद्धीचा उपाय मळावरून जितका ठरतो तितकाच, किंबहुना अधिक, वस्तूच्या स्वभावावरून ठरतो. मळ घालवताना वस्तू टिकली पाहिजे ही अट त्यात गृहीत आहे, आणि ॲसिटोनची बाटली हातात घेणाऱ्याला तीच अट पाळावी लागते.

याहूनही मोलाची आहे ती शुद्धीच्या समाप्तीची कसोटी. अमेध्य, म्हणजे यज्ञाला अयोग्य अशा, पदार्थाने माखलेल्या वस्तूचा गंध आणि लेप हे दोन्ही जात नाहीत तोपर्यंत माती आणि पाणी वापरीत राहावे, आणि हा नियम सर्व द्रव्यशुद्धींना लागू समजावा, असे मनूने पाचव्या अध्यायात म्हटले आहे. याज्ञवल्क्याचेही सांगणे त्याच अर्थाचे आहे. या नियमाचे सामर्थ्य त्याच्या मर्यादेत आहे. गंध नाकाला कळतो, लेप बोटाला कळतो; दोन्ही कोणालाही, कोणत्याही अधिकारावाचून, तपासता येतात. रंगाचा येथे उल्लेख नाही. लेप निघाला, वास गेला आणि तरीही पैठणीवर फिकट चौकोन दिसत राहिला, तर या कसोटीप्रमाणे ती पैठणी शुद्ध आहे, आणि जो अजूनही तिला घासत बसतो तो शुद्धीसाठी नव्हे, तर आपल्या अस्वस्थतेसाठी घासतो, असे म्हणावे लागते.

या मर्यादेला पूरक अशा आणखी दोन सवलती त्याच प्रकरणात आढळतात. धान्य आणि वस्त्रे मोठ्या राशीत असतील तर पाणी शिंपडणे पुरे, थोडी असतील तर धुवावी. आणि ज्या वस्तूचा दोष कोणी पाहिलेला नाही, ती शुद्धच समजावी. दुसरी सवलत विशेष विचार करण्यासारखी आहे, कारण ती संशयाला लगाम घालते. डाग न पाहताच डागाची भीती बाळगणाऱ्या मनाला कितीही पाणी पुरणारे नसते, हे स्मृतिकारांनी ओळखले होते असे दिसते. पेशवाईनंतरच्या पुण्यातील सोवळ्याने मात्र या सवलतींचा लाभ घेतला नाही. मुकटा, कद, धाबळी ही रेशमाची आणि लोकरीची वस्त्रे रोज न धुताही सोवळ्याला चालत, आणि सुती वस्त्र मात्र रोज पिळून उंच वलणीवर काठीने वाळत घालावे लागे, येथपर्यंत परंपरेचा धागा तरी सापडतो. परंतु वाळत घातलेल्या धोतराला मुलाचे बोट लागले म्हणून ते पुन्हा भिजवणे यात गंधही नाही आणि लेपही नाही. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केल्यावर सोवळ्याओवळ्याच्या ज्या कल्पनांवर टीका केली, त्या कल्पनांवर स्मृतीतील द्रव्यशुद्धीच्या नियमांच्या आधारेही बराच आक्षेप घेता आला असता. आगरकरांनी तो मार्ग न पत्करता बुद्धीचाच आधार घेतला, आणि त्यांच्या काळी ते अधिक योग्य होते.

कारण स्मृतींमध्ये ही कसोटी वस्तूपुरतीच थांबते. ज्या पाचव्या अध्यायात गंध आणि लेप जाईपर्यंत धुण्याची सुबुद्ध आज्ञा आहे, त्याच अध्यायात काही माणसांच्या केवळ स्पर्शाने स्नानाची गरज पडते, आणि तेथे कोणता गंध किंवा कोणता लेप लागला हे विचारण्याची सोय ठेवलेली नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे चहा ठेवला गेला, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा खल बराच काळ चालला. चहाचा डाग ज्या धोतरावर पडला असेल ते धोतर दुसऱ्या दिवशी धुऊन स्वच्छ झाले असेल, पण माणसे तितक्या लवकर स्वच्छ मानली गेली नाहीत. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी प्याल्यानंतर तेथील सवर्णांनी १०८ घागरींचा विधी करून पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली. जेथे लेप मुळीच नव्हता तेथे शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतले गेले. गंध आणि लेपाची कसोटी लावली तर तळे त्या विधीच्या आधी शुद्ध होते आणि त्या विधीने अशुद्ध झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. वस्त्राविषयीचा चांगला नियम त्या ग्रंथात होता, हे त्या दहनाविरुद्ध सांगण्यासारखे कारण होऊ शकत नाही. उलट वस्त्राला जो न्याय दिला तो माणसाला नाकारला, यामुळे ग्रंथाचा दोष अधिकच गडद होतो.

जैन विचारात चिकटपणा हा उपमेपुरता येत नाही, तो सिद्धान्ताच्या गाभ्यातच आहे. जैनांच्या मते कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्यच, असून ते जीवाला येऊन चिकटते. आणि ते चिकटण्याचे कारण कषाय, म्हणजे क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार विकार होत. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात परमाणूंचा परस्परबंधही स्निग्धता आणि रूक्षता या गुणांनी होतो असे सांगितले आहे. धूळ सर्वत्र आहे, पण ती कोरड्या कापडावर पडली तर झटकली जाते आणि चिकट कापडावर पडली तर बसते. म्हणून दोष धुळीचा मानायचा नाही. टेपचा उघडा राहिलेला चौकोन दिवसेंदिवस काळा होत जातो, त्यात जैन परिभाषेतील आस्रव, म्हणजे कर्माचे आत येणे, आणि बंध, म्हणजे त्याचे चिकटणे, या दोन्ही अवस्था एकाच वेळी चाललेल्या दिसतात. वरची धूळ पुसत राहून उपयोग नाही, चिकटा काढला पाहिजे, हा निष्कर्षही दोन्हीकडे सारखाच निघतो.

दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती यांच्या गोम्मटसार या ग्रंथात, म्हणजे ज्या चामुंडरायाने श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती उभारली त्याच्या काळातील ग्रंथात, लोभाच्या चार प्रती चार डागांच्या उपमांनी सांगितल्या आहेत. सर्वांत तीव्र लोभ किरमिजी रंगासारखा, जो कापड झिजले तरी जात नाही. त्याखालचा गाडीच्या चाकाच्या वंगणासारखा. त्याखालचा अंगाच्या मळासारखा. आणि सर्वांत सौम्य हळदीच्या रंगासारखा. या चार प्रतींना अनुक्रमे नरक, पशुयोनी, मनुष्ययोनी आणि देवयोनी अशा गती जोडल्या आहेत. ही वर्गवारी करणाऱ्याने डाग जवळून पाहिले होते यात शंका नाही. हळदीचा डाग साबण लागताच लाल होऊन घाबरवतो, पण उन्हात टाकला की फिका पडून जातो. वंगणाचा डाग तसा नाही. त्यात तेल, धूळ आणि लोखंडाचा कीस एकजीव झालेले असतात, आणि त्याला तेल लावून आधी सैल केल्यावाचून साबण आत पोहोचत नाही. आजचा टेपचा चिकटा या श्रेणीत वंगणाच्या शेजारी बसेल. गोम्मटसाराच्या कर्मकांड नावाच्या भागात या विकारांच्या संस्काराचा काळही दिला आहे, तो मुहूर्ताच्या आतपासून पंधरवडा, सहा महिने आणि पुढे अनेक जन्मांपर्यंत वाढत जातो. डाग जितका जुना तितका तो कठीण, हा अनुभव रसायनशास्त्रालाही मान्य आहे, कारण काळ आणि हवा लागून चिकट्याचे रेणू परस्परांना जोडले जातात आणि मग कोणतेच द्रावक त्यांना नीट सोडवू शकत नाही.

येथे दुसरा प्रश्न समोर येतो : मळ काढणाऱ्या साधनाचे काय. वेदान्ताने याचे उत्तर निर्मळीच्या बीच्या उपमेने दिले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोध या छोट्या प्रकरणग्रंथाच्या आरंभीच असे प्रतिपादन येते, की ज्ञान हे अज्ञानाने गढूळ झालेल्या जीवाला निर्मळ करून स्वतःही नाहीसे होते, ज्याप्रमाणे निर्मळीच्या बीची पूड गढूळ पाण्यात टाकली असता गाळाला घेऊन खाली बसते. उपमा सुंदर आहे, परंतु तिच्यावर एक आक्षेप राहतो. निर्मळीची पूड नाहीशी होत नाही, ती भांड्याच्या तळाशी गाळाबरोबर असते, आणि भांडे हलले की पाणी पुन्हा ढवळते. पाणी वरून अलगद ओतून घेता येते म्हणून पाण्याच्या बाबतीत हे चालून जाते. कापडाला मात्र तळ नसतो, त्याच्या धाग्यांत जे राहिले ते कापडातच राहिले. रॉकेलने चिकटा काढलेल्या पडद्याला दोन धुण्यांनंतरही रॉकेलचा वास येतो, आणि तो वास म्हणजे मूळ मळ नव्हे. तो उपायाचा अवशेष आहे. गंध आणि लेप या मनूच्या कसोटीने पाहिले तर अशा पडद्याचा लेप गेला आहे आणि गंध उरला आहे, फरक इतकाच की तो गंध दुसऱ्याच पदार्थाचा आहे.

पाली साहित्यातील संयुत्तनिकायात खेमक नावाच्या भिक्षूचे एक सूत्र आहे, आणि हाच प्रश्न त्यात वेदान्ताच्या उपमेपेक्षा अधिक कठोरपणे हाताळला गेला आहे. पाली विद्येची पुण्याशी जुनी ओळख आहे; धर्मानंद कोसंबी १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. खेमक कौशांबीजवळच्या बदरिकारामात आजारी होता आणि घोषितारामातील स्थविर भिक्षू एका निरोप्याकरवी त्याला प्रश्न पाठवीत होते. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांपैकी, म्हणजे ज्यांचा मिळून माणूस होतो त्या पाच समूहांपैकी, कशालाही आपण ‘मी’ किंवा ‘माझे’ समजत नाही असे त्याने कळवले. तर मग तुम्ही मुक्त झालात का, असे त्यांनी विचारले. नाही, असे त्याचे उत्तर होते. स्कंधांपैकी अमुक एक ‘मी’ आहे असे वाटत नाही, पण ‘मी आहे’ हा भाव अजून गेलेला नाही. निरोप्याच्या खेपा वाढल्यावर खेमक स्वतःच काठी टेकत त्यांच्याकडे गेला आणि त्याने परटाचा दृष्टान्त सांगितला. मळलेले कापड मालक परटाला देतो, परीट ते खाऱ्या मातीत, क्षारात किंवा शेणात चोळून स्वच्छ पाण्यात खळबळतो. कापड स्वच्छ होते, पण त्याला खारी माती, क्षार किंवा शेण यांचा जो बारीक वास राहतो तो राहतोच. मग मालक ते सुगंधी पेटीत ठेवून देतो आणि हळूहळू तो वासही जातो.

या दृष्टान्तात लक्षात घेण्याची बाब अशी, की शेवटचा अवशेष घालवायला परीट उपयोगी पडत नाही. खारी माती पुन्हा लावली तर खाऱ्या मातीचा वास वाढेल. साधनेने विकार गेले, तरी साधना करणारा म्हणून जो ‘मी’ उरतो, तो आणखी त्याच प्रकारची साधना करून जाणारा नाही. त्याला चोळणे नको, काळ आणि सान्निध्य हवे, आणि बौद्ध परिभाषेत हे सान्निध्य म्हणजे स्कंधांच्या उदयाचे आणि लयाचे सतत अवलोकन. सोवळ्याचा अभिमान, व्रताचा अभिमान, सुधारकीचाही अभिमान, हे सारे उपायांचे अवशेष या दृष्टान्ताच्या कक्षेत येतात. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात त्यांची उदाहरणे दोन्ही पक्षांत मुबलक सापडतात, आणि ती येथे मोजण्याची गरज नाही. सुगंधी पेटीविषयी मात्र एक शंका घेता येते, की एका वासावर दुसरा वास घालणे ही शुद्धी कशी. सूत्राचा रोख तसा दिसत नाही, कारण त्यात पेटीचा सुगंध कापडाला लागल्याचा उल्लेख नाही, जुना वास गेल्याचा आहे. व्यवहारातही द्रावकाचा उरलेला वास घालवण्यासाठी अत्तर शिंपडणे चुकीचे, आणि कापड सावलीत वाऱ्यावर पसरून ठेवणे बरोबर, कारण द्रावकाचे राहिलेले रेणू उडून जाण्याला वेळ लागतो आणि त्या वेळेला पर्याय नाही.

मनूची कसोटी आणि खेमकाचा दृष्टान्त यांत विरोध आहे असे वाटण्याचा संभव आहे, कारण एक म्हणते की गंध आणि लेप गेला की थांबा, आणि दुसरा दाखवतो की थांबल्यावरही काही उरते. परंतु खेमकाचा परीट थांबलेलाच आहे. त्याने आपले काम पूर्ण करून कापड मालकाच्या हाती दिले आहे, आणि पुढचे काम मालकाचे आहे. सूत्राच्या शेवटी सांगितले आहे की हे विवेचन चालू असताना साठ स्थविर भिक्षूंची चित्ते मुक्त झाली, आणि बोलता बोलता खेमकाचेही.